दोन्हीकडे राणी

॥ श्री ॥
आचरा, ता. ३ डिसेंबर १९५६

तीर्थस्वरूप दादास,

सुगंधाचा सा. न. वि. वि. तुझ्या उत्तराची वाट न बघता मीच पुन्हा लिहायला बसले, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलंच असशील. प्रकृती सगळ्यांच्या बऱ्या आहेत, तेवढं आधी सांगून टाकते.

परवा माझा साखरपुडा होता. तुला रजा मिळाली नाही. तू नव्हतास ते बरंच झालं असं आई म्हणते. मला मात्र सारखं वाटत होतं की तू असतास तर निदान बोलला असतास.

मालवणहून तारकर मंडळी वेळेवर आली. रघुवीर, त्यांच्या आई आनंदीबाई, मामा आणि चार नातेवाईक. वडील नसल्यामुळे त्यांच्या घरात मामांचाच शब्द चालतो. मुलाच्या हातात नारळ, विडा आणि वर रुपया द्यायचा, तर बाबांनी मुद्दाम देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया काढला. आजोबा गलबतावर तांडेल होते तेव्हा सफरीवरून घेऊन आलेला तो. तू आणि मी जन्मापासून त्याला बघतोय, तांदळावर राणीचं तोंड वर करून ठेवलेला. त्याची खालची बाजू कधी कोणी बघितली होती? तिच्यावर तेला-कुंकवाचं पूट बसलेलं. आदल्या रात्री आईने चिमणीच्या उजेडात तो चिंचेने घासून लख्ख केला. पाठ खोलगट लागली, पण जुना आहे, झिजला असेल, असं तिला वाटलं.

मामांनी रुपया उचलून उलटा केला. मागे ना साल, ना वेलबुट्टी, ना अक्षर. तिथेही राणीच, पण आत रुतलेली आणि तोंड उलट्या दिशेला फिरवलेली. मामांनी तो पाटावर टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाले की ह्यो रुपयो खोटो आसा, देवासमोर खोटो रुपयो ठेवणारी माणसां चेडवाबद्दल तरी काय खरां सांगतली! बाबा नुसते रुपयाकडे बघत राहिले.

रुपया घरंगळत खाली गेला होता. रघुवीरनी वाकून तो उचलला, आपल्या उपरण्याला पुसला आणि दोन्ही हातांनी बाबांच्या हातात दिला. मामा ओरडत होते तरी त्यांनी घाई केली नाही. मग मंडळी न जेवता उठून गेली.

रुपयावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून दोन्ही बाजूंचे ठसे घेतलेत, सोबत पाठवते. मुंबईला जाणती माणसं असतील. हा रुपया असा का झाला एवढं शोध, दादा. बाबा दुकानात जातात, दोरखंड मापून देतात, घरी येतात. धड जेवत नाहीत.

आठवण आहेच, ती आटू देऊ नको.

तुझी,
सुगंधा


मुंबई, ता. ११ डिसेंबर १९५६

चि. सुगंधास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रात्रभर तळमळलो. मामांच्या तोंडाला काय म्हणावं! पण तुझ्या पत्रात रघुवीरांची हकीकत भारी बारकाईने आली आहे, हेही माझ्या लक्षात आलं बरं का. उपरण्याचा काठ कुठल्या रंगाचा होता तेवढंच लिहायचं राहिलं.

आता कामाचं. माझ्या खोलीतला धोंडू बिल्ले आणि पदकं ठोकण्याच्या कारखान्यात आहे. त्याच्या ओळखीने गिरगावातल्या एका वृद्ध पारशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांना बिघडलेली जुनी नाणी जमवायचा नाद आहे. कपाटातून त्यांनी एकेक काढून दाखवलं. एका पैशावर चित्र अर्धंच, कारण चकती ठशाखालून सरकली होती. एकावर अक्षरं दुहेरी, कारण घाव दोनदा पडला. एकावर राजाच्या गालावर उभी रेघ, कारण ठशालाच तडा गेलेला. प्रत्येक खोडीला कारण असतं, आणि ते नाण्याच्या अंगावरच सापडतं, असं ते म्हणाले.

आपल्या रुपयाचा ठसा त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितला. म्हणाले, असं होण्याच्या तीन वाटा आहेत. कुणी लबाडाने बनवला असेल. किंवा मागाहून कुणी चेष्टेने दोन रुपये एकावर एक ठेवून हातोडा मारला असेल. किंवा टांकसाळीतच तसा निघाला असेल. नुसत्या कागदावरून सांगता येणार नाही. तेव्हा तू एवढं कर. सोनाराकडून वजन करून घे. कडेच्या बारीक रेघा सगळीकडून सारख्या आहेत का बघ. आणि मुख्य म्हणजे, वर आलेल्या राणीचं नाक आणि केस बोटाने चाचपून बघ, दबलेत का. मागून हातोडा मारला असेल तर पुढची राणी चेपलेली असणार.

बाबांना म्हणावं, जेवत जा. आईला नमस्कार. धीर सोडू नकोस.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
आचरा, ता. २० डिसेंबर १९५६

तीर्थस्वरूप दादास,

सुगंधाचा सा. न. वि. वि. उपरण्याचा काठ तांबडा होता. झालं समाधान?

सोनाराने रुपया तोलला. बरोबर तोळाभर भरला आणि चांदी अस्सल आहे म्हणाला. कडेच्या रेघा सगळीकडून सारख्या आहेत. वरच्या राणीचं नाक इतकं धारदार आहे की बोटाला लागतं. केसाची बट न् बट मोजून घ्यावी. आतली राणीसुद्धा तितकीच रेखीव आहे, फक्त आरशात बघितल्यासारखी. तिच्या भोवतीची इंग्रजी अक्षरंही उलटी आहेत.

दादा, बाबांचं बघवत नाही. सोनार चांदी अस्सल म्हणाला तरी त्यांना पटत नाही. आई सांगत होती, रात्री उठून बसतात आणि तिला विचारतात की माझ्या बापाशीक कोणी फसवलां, की माझ्या बापाशीनच कोणाक फसवलां? आजोबांबद्दल असा प्रश्न त्यांच्या मनात यावा, ह्यानेच ते खचलेत. काल म्हणाले, मालवणला जातो, मामांच्या पायावर टोपी ठेवतो, पण माझ्या मुलीचं लग्न मोडू नका म्हणून सांगतो. आईनेच अडवलं.

आपल्या शेजारची तुळसा माहेरपणाला आलीय. तिचं सासर तारकरांच्या शेजारीच. तिच्याकडून रघुवीरनी निरोप पाठवलाय. मामा म्हणतात, रुपया खरा असल्याचं कुणा जाणत्या माणसाने कारणासकट सांगितलं तर मी स्वतः आचऱ्याला येऊन चूक कबूल करतो. आणि स्वतःकडून त्यांनी एवढंच सांगितलंय की सुगंधाक सांग, मी थांबलंय.

हे कुणाला दाखवू नको. तू शोध, दादा. लवकर शोध.

माया पातळ करू नको.

तुझी,
सुगंधा


मुंबई, ता. १३ जानेवारी १९५७

तीर्थरूप बाबांचे चरणी,

बालक परशुरामाचा शि. सा. न. वि. वि. बाबा, आपला रुपया खरा आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

डॉक्टरांनी सुगंधाने लिहिलेल्या खुणा ऐकल्या आणि हसून म्हणाले की आता शंका उरली नाही. कसं झालं ते सांगतो. नाणं ठोकायला दोन ठसे लागतात, एक खाली पक्का बसवलेला आणि एक वरून येणारा. मध्ये चांदीची कोरी चकती ठेवतात. वरचा ठसा जोरात खाली आला की दोन्ही बाजू एकदम उमटतात. मग तयार रुपया काढायचा आणि नवी चकती ठेवायची. आपल्या रुपयाच्या आधीचा रुपया निघालाच नाही. तो खालच्या ठशात अडकून बसला, राणीचं तोंड वर करून. कामाच्या घाईत कुणाच्या ते ध्यानात आलं नाही आणि पुढची चकती त्याच्यावरच पडली. वरच्या ठशाने तिच्यावर राणी उमटवली. खालून मात्र ठसा नव्हताच, अडकलेल्या रुपयाची राणी होती. ती चांदीत रुतली, म्हणून आत गेलेली आणि उलटी. साल आणि वेलबुट्टीचा ठसा त्या अडकलेल्या रुपयाखाली झाकून राहिला.

लबाडाचं हे काम नव्हे, कारण खोटं नाणं करणारा ते खऱ्यासारखं दिसावं म्हणून जपतो, सगळ्यांच्या नजरेत भरेल असं करत नाही. मागून हातोडा मारलेला नव्हे, कारण वरच्या राणीचं नाक शाबूत आहे. आणि आतली राणी इतकी रेखीव आहे, म्हणजे अडकल्यावरचा हा पहिलाच रुपया. हा त्यानंतरचा असता तर ती पसरट झालेली असती.

तुमची खात्री पटावी म्हणून धोंडूने मुकादमाच्या परवानगीने कारखान्यात एक बिल्ला मुद्दाम ठशात राहू दिला आणि त्यावर दुसरी चकती ठोकली. चांगला बिल्ला आणि तो बिघडलेला, दोन्ही पार्सलने पाठवतो. जवळ ठेवून बघा. डॉक्टरांनी आपल्या हातची इंग्रजी चिठ्ठीही दिलीय.

आजोबांना कुणी फसवलं नाही आणि त्यांनीही कुणाला फसवलं नाही. आता मामांना बोलवा आणि सुगंधाचा मुहूर्त धरा. आईला शि. सा. नमस्कार.

आपला आज्ञांकित,
परशुराम


॥ श्री ॥
आचरा, ता. २४ जानेवारी १९५७

चि. परशुरामास अनेक उत्तम आशीर्वाद. विनंती विशेष. तुझे पत्र पोचले, पार्सल पोचले. पत्र मी दुकानात उभ्यानेच वाचले आणि दुकान बंद करून घरी आलो. तुझ्या आईला वाचून दाखवले. मग देवापुढे ठेवले. आज कित्येक दिवसांनी मला अन्नाची चव कळली.

तू मुलगा म्हणून जे केलेस त्याला तोड नाही. धोंडूला आमचा आशीर्वाद सांग. डॉक्टरसाहेबांना पुढच्या बोटीने कोकमे आणि आंबोशी पाठवीत आहे, नेऊन पोच कर. दोन्ही बिल्ले मी गावात सर्वांस दाखवले. ज्यांनी माझ्या तोंडावर सहानुभूती आणि पाठीमागे कुजबूज केली, त्यांच्या हातात दिले आणि म्हटले, बघा.

तारकरांस निरोप धाडला आहे. येऊ देत. माझ्या बापाशीचो रुपयो खरो आसा, हे त्यांच्याच तोंडून चारचौघांत ऐकतो, मग पुढचे पुढे. मी मान खाली घालून पुष्कळ दिवस काढले.

प्रकृतीस जप. घरची ओढ राहू दे.

तुझा,
गंगाराम मुणगेकर


॥ श्री ॥
आचरा, ता. २ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप दादास,

सुगंधाचा सा. न. वि. वि. कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

काल तारकर आले. आनंदीबाईंनी साडी आणली होती, नारळ आणला होता. आईने पहाटेपासून घावणे काढले होते. बाबांनी मात्र शेजारपाजारच्यांना बोलावून अंगणात बाकडी मांडली होती. मंडळी आली तेव्हा त्यांना ओटीवर चढा म्हणाले नाहीत. आई आतून खुणा करत होती, तिच्याकडे बघितलंच नाही.

मामांनी आल्या आल्या हात जोडले. म्हणाले की माझा चुकला, मी घाईन बोललंय, माका त्यातला काय कळणा नाय. मला वाटलं, झालं, संपलं. पण बाबांनी तुझं पत्र काढलं आणि रघुवीरच्या हातात दिलं. म्हणाले, वाच, सगळ्यांका ऐकू येयत असां.

त्यांनी वाचलं. एकही शब्द न गाळता, सावकाश. तुझं अक्षर किती बारीक असतं, तरी कुठे अडखळले नाहीत. मी दाराआड उभी होते. तुझं पत्र मी त्याआधी वाचलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकताना दादा, मला खरंच वाटलं की प्रत्येक ओळीबरोबर आमचं लग्न जवळ येतंय.

वाचून झालं. बाबा उठले. म्हणाले की रुपयो खरो ठरलो. आमची माणसां खरी ठरली. आता ज्या घरान माझ्या बापाशीक खोटो म्हटलां, त्या घरात माझा चेडू जावचा नाय. पाणी पिया आणि जावा.

आनंदीबाई रडायला लागल्या. मामा पुन्हा पुन्हा हात जोडत होते, म्हणाले की गंगारामभाऊ, शिक्षा माका करा, पोरांका नको. बाबा आत निघून गेले. रघुवीरनी पत्र होतं त्याच घड्यांवर घडी घालून ओटीच्या कडेला ठेवलं, वर एक दगड ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. मग दाराकडे एकदा बघितलं. मी आडोशाला होते, दिसले की नाही ठाऊक नाही.

दादा, बाबांच्या मनात शंका होती तोवर ते मामांच्या पायावर टोपी ठेवायला निघाले होते. तुला मी दोष देत नाही. मीच तुला लवकर शोध म्हटलं होतं.

तुझी,
सुगंधा


मुंबई, ता. ९ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप बाबांचे चरणी,

बालक परशुरामाचा शि. सा. न. वि. वि. तुमच्यासमोर मी कधी वर मान करून बोललो नाही. आज पत्रातून बोलतो, क्षमा असावी.

मी दारोदार हिंडून ते कारण शोधलं ते लग्न जुळावं म्हणून. मोडायला तुमच्या हातात काहीतरी असावं म्हणून नव्हे. मामा चुकले. ते तुमच्या अंगणात येऊन, सगळ्या गावासमोर चुकलो म्हणाले. आणखी काय हवं? आणि ज्या मुलाकडून तुम्ही ते पत्र वाचून घेतलंत, त्याने साखरपुड्यात काय केलं होतं ते आठवा. रुपया खरा की खोटा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा त्याने तो पुसून दोन्ही हातांनी तुम्हाला दिला होता.

सुगंधा बोलणार नाही. ती तुमचीच मुलगी आहे. पण तिच्याकडे एकदा बघा, बाबा. मालवण लांब नाही. तुम्ही सांगा, मी मिळेल ती रजा घेऊन येतो आणि मीच तारकरांकडे जातो. तुम्हाला तोंडही उघडावं लागणार नाही.

उत्तराची वाट बघतो.

आपला आज्ञांकित,
परशुराम


॥ श्री ॥
आचरा, ता. १९ मे १९५७

तीर्थस्वरूप दादास,

सुगंधाचा सा. न. वि. वि. बाबांनी तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून तू दोनदा लिहिलंस. ते देणार नाहीत. वाचलं, खिशात घातलं, दुकानात गेले. हल्ली नव्या पैशांच्या हिशेबावरून गिऱ्हाइकांशी वाद घालत असतात, आणि घरी आले की आपल्या बाजूने बोललेली माणसं आईला पुन्हा पुन्हा सांगतात.

रघुवीरचं लग्न झालं, मागच्या आठवड्यात. मुलगी वेंगुर्ल्याची. तुळसा लग्नाला होती, तिने येऊन सांगितलं. मीच विचारलं म्हणून सांगितलं. मुलगी गोरी आहे म्हणाली. चांगली असेल.

तुला एक कळवलं नव्हतं. शिमग्याच्या सुमारास त्यांनी तुळसाकडून शेवटचा निरोप धाडला होता, की तुझ्या वडलांनी एक शब्द टाकल्यान तर मी एकटो येतंय, मामा नको, कोण नको. मी दोन दिवस आईच्या मागे मागे हिंडले आणि मग तिला सांगितलं. आईने बाबांना वाढताना सांगितलं. बाबा भरल्या ताटावरून उठले. आई त्या ताटापुढे बसून राहिली. त्यानंतर मी काय बोलणार होते? तुळसाला म्हटलं, सांग त्यांना, थांबू नका.

तू मला मुंबईला ये म्हणतोस. नको. मी आले तर ही दोघं एकमेकांशी बोलायचीच थांबतील. आता पावसाळ्यात बोटी बंद होतील, पत्र उशिरा पोचेल. काळजी करू नको. मी जेवते, झोपते, सगळं करते.

माझ्यावर रागावला नाहीस ना? नसशील तर तसाच राहा.

तुझी,
सुगंधा


॥ श्री ॥
आचरा, ता. ६ नोव्हेंबर १९६१

चि. परशुरामास अनेक आशीर्वाद. सूनबाईस व नातवास आशीर्वाद. विनंती विशेष. सुगंधाचे लग्न ठरले. मुलगा म्हणणे बरे नव्हे, गृहस्थ चाळिशीचा आहे. कसालचा, भातशेती आणि काजूची बाग. पहिली बायको बाळंतपणात गेली, दोन लहान मुली आहेत. स्वभावाने गरीब वाटला.

तू म्हणशील, एवढी वर्षे थांबून हे का. आलेली स्थळे मी पाहिली. कुठे माणसे पटली नाहीत, कुठे त्यांनी आमचा तो जुना प्रकार ऐकून विचारणा केली, आणि मी त्यांना उठवले. एकदाही मला कोणी अडवले नाही.

तुझी आई गेल्यापासून घरात सुगंधा आणि मी, दोघेच. सुगंधा सर्व करते. मी काही विचारले तर उत्तर देते. हे स्थळ आले तेव्हा म्हटले, तुका बघूचा आसा काय तेका? ती भात निवडत होती. म्हणाली, तुमका बरा दिसता मां, मग झाला. तिने त्याचे नावही विचारले नाही. मीच थोडा वेळ उभा राहिलो, की विचारील.

लग्न साधेच आहे. तू ये. या वेळी रजा मिळत नाही असे लिहू नकोस.

तुझा,
गंगाराम मुणगेकर


॥ श्री ॥
कसाल, ता. २२ एप्रिल १९६२

तीर्थस्वरूप दादास,

सौ. सुगंधाचा सा. न. वि. वि. वहिनींना नमस्कार, बाळाला माझा पापा. काजूचा हंगाम जोरात आहे. बिया सोलून माझी बोटं काळी झाली आहेत, धाकटी मथुरा रोज त्यांच्याकडे बघून तोंड वाकडं करते आणि तरी त्याच हाताने भरवून घेते. थोरली शेवंती अजून मला काही म्हणून हाक मारत नाही. नुसती जवळ येऊन उभी राहते. घरचे गृहस्थ चांगले आहेत. माझ्याशी सांभाळून बोलतात. माझ्याबद्दल मनाला लावून घेऊ नको.

बाबा येऊन गेले. न कळवता आले, हातात फणस. किती वाळलेत रे. एकटे काय शिजवतात, कुणास ठाऊक. मी चार दिवस राहा म्हटलं, तर दुपारच्या गाडीने जातोच म्हणाले. पेज आणि खारातला आंबा दिला, तो सगळा खाल्ला. मुलींना जवळ घेतलं. मग पडवीत बसून राहिले, मी काजू सोलत होते ते बघत. मला विचारलं की बरी आसस मां. मी हो म्हटलं.

त्यांना सोडायला हमरस्त्यापर्यंत गेले. एस.टी. आली, ते चढले आणि खिडकीशी बसले. मी खालून फणसाचं रिकामं पोतं वर दिलं. ते घेताना त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि विचारलं, तो तारकरांचो झील बरो होतो मां गो?

मी म्हटलं, होय बाबा, बरो होतो.

ते मान हलवत राहिले. गाडी सुटली. धुरळा बसेपर्यंत मी तिथेच उभी होते, मग मुली एकट्या आहेत हे आठवून घरी आले.

दादा, तू पुढच्या सुट्टीत माझ्याकडे न येता आधी आचऱ्याला जा. त्यांच्याजवळ दोन दिवस राहा. त्यांना काही विचारू नको, नुसता राहा.

तुझी,
सुगंधा